‘अविभाज्य’ की ‘मूळ’? ४२९४९६७२९७ च्या निमित्ताने

प्रश्न : एका टिपणात ‘४,२९,४९,६७,२९७ ही संख्या ३, ५ आणि ७ ने अविभाज्य आहे’ असे वाक्य वाचनात आले. याचा अर्थ ही मूळ संख्या आहे असा घ्यावा का? तसेच ‘भाजक’, ‘विभाजक’ आणि ‘अवयव’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

उत्तर : वाक्य चुकीचे नाही, पण निसरडे आहे. ‘अविभाज्य संख्या’ ही संज्ञा ‘मूळ संख्या’ या अर्थाने रूढ असल्यामुळे ‘७ ने अविभाज्य’ हे शब्द वाचताच मन भलतीकडे जाते. तेथे ‘७ ने विभाज्य नाही’ असे सरळ लिहावे. हीच संख्या याचे उत्तम उदाहरण ठरावी. ती म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. तिच्या अंकांची बेरीज ५९ येते, म्हणून ३ ने भाग जात नाही. शेवटी ७ असल्याने ५ ने जात नाही. ७ ने भागल्यास बाकी ५ उरते. सतराव्या शतकात फ्रेंच गणितज्ञ फर्मा यांनी या साच्यातल्या (२ च्या १, २, ४, ८ आणि १६ व्या घातात १ मिळवून येणाऱ्या) ३, ५, १७, २५७ आणि ६५५३७ या मूळ संख्या पाहून पुढचीही मूळच असणार असे मानले होते, परंतु १७३२ मध्ये स्विस गणितज्ञ ऑयलर यांनी ती ६४१ × ६७००४१७ अशी फोडून दाखवली. म्हणजे लहान लहान संख्यांना दाद न देणारी ही संख्या अखेर संयुक्तच निघाली.

६४१ ने भाग का जातो, हे पाहण्यासाठी भागाकार मांडायचीही गरज नाही. ६४१ = ५ × १२८ + १ आणि ६४१ = ६२५ + १६, या दोन मांडण्या शेजारी ठेवल्या की पुरे. पहिलीवरून ५ × १२८ ची, म्हणजे ५ गुणिले २ च्या ७ व्या घाताची, बाकी उणे १ येते; म्हणून तिचा चौथा घात घेतला, म्हणजे ५ च्या चौथ्या घाताला २ च्या २८ व्या घाताने गुणल्यास ६४१ ने भागताना बाकी १ उरते. दुसरीवरून ५ च्या चौथ्या घाताच्या जागी उणे १६ ठेवता येतात, आणि मग २ च्या ३२ व्या घाताची बाकी उणे १ येते. त्यात १ मिळवला की बाकी शून्य.

आता शब्दांकडे. भागाकारात ज्याने भागतो तो ‘भाजक’, मग बाकी काहीही उरो. बाकी शून्य उरली तरच तो ‘विभाजक’. येथे ७ भाजक होऊ शकतो, विभाजक नाही. ‘अवयव’ हा विभाजकच, पण गुणाकाराच्या बाजूने पाहिलेला, म्हणून आपण ‘अवयव पाडतो’. ‘विभाजक पाडले’ असे कोणी म्हणत नाही. या संख्येचे विभाजक चार (१, ६४१, ६७००४१७ आणि ती स्वतः), मूळ अवयव मात्र दोनच.

पुरवणी : ‘मूळ’ हा शब्दही जपूनच वापरावा. या संख्येचे वर्गमूळ ६५५३६ आणि ६५५३७ यांच्या मध्ये येते, त्यामुळे ‘या संख्येचे मूळ’ एवढेच लिहिले तर वाचक तेच समजेल. ६४१ बद्दल सांगायचे असेल तेव्हा ‘मूळ अवयव’ असे पूर्ण लिहावे.