हिरवी पट्टी आणि अडखळणारा कर्सर

एडिटरमध्ये कर्सर अडखळतो, व्हिडिओच्या खाली हिरवी पट्टी येते आणि काळ्यावरची लाल अक्षरं फिसकटतात, असं तुम्ही विचारलंत, त्यावर ग्राफिक्स कार्ड बदलायचा सल्ला दिलाय सगळ्यांनी, पण थांबा जरा, खर्चात पडू नका. मोबाईलचं स्क्रीन रेकॉर्डिंग प्लेअरमध्ये नीट दिसतं आणि एडिटरमध्ये टाकलं की कर्सर उड्या मारतो, आवाज मागेपुढे होतो, म्हणजे बहुतेक व्हेरिएबल फ्रेम रेटची (सेकंदाला किती फ्रेम म्हणजे चित्रं, हा आकडा बदलत राहण्याची) भानगड असणार. स्क्रीनवर काही हललं नाही की मोबाईल फ्रेमच कमी लिहितो, आणि एडिटर बिचारा सेकंदाला ३० किंवा ६० फ्रेमचा ठरलेला ठेका धरून बसलेला असतो. मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये फाईल उघडून फ्रेम रेट मोड बघा, व्हेरिएबल दिसलं तर हँडब्रेक या व्हिडिओ रूपांतर करणाऱ्या प्रोग्राममधून कॉन्स्टंट (कायम एकसारखा) करून घ्या, आरएफ (दर्जाचा आकडा, जितका कमी तितका दर्जा चांगला) १६-१८ च्या आसपास ठेवा नाहीतर अक्षरं पुसट होतात.

खालच्या कडेची हिरवी पट्टी वेगळी. एच २६४ (व्हिडिओ दाबून लहान करायचा प्रकार) चित्राचे १६ बाय १६ चे ठोकळे करतो, चित्राच्या १०८० ओळींना १६ ने पूर्ण भाग जात नाही म्हणून आत १०८८ ओळी असतात, त्या जास्तीच्या ८ ओळी कापायच्या राहिल्या की त्या रिकाम्या ओळी हिरव्या दिसतात, कारण व्हिडिओच्या रंगपद्धतीत सगळे आकडे शून्य म्हणजे काळा नाही, हिरवा! मी दोन रात्री केबल काढून-घालून बघत होतो राव, शेवटी हार्डवेअर डिकोडिंग (व्हिडिओ उलगडायचं काम ग्राफिक्स कार्डकडे देणारी सेटिंग) बंद केल्यावर पट्टी गायब. तुम्ही आधी तेच करून बघा, एका मिनिटाचं काम आहे. काळ्यावरची लाल अक्षरं फिसकटतात म्हणालात, ते मात्र ४:२:० या रंग साठवायच्या पद्धतीमुळे, तीत रंगाची माहितीच पावपट साठवलेली असते, त्यामुळे थीमच (स्क्रीनची रंगसंगती) बदला.