माळढोक नाही दिसला तरी नान्नज आहेच

एकांनी विचारलंय, माळढोक पक्षी आता दिसत नाही तर सोलापूरजवळच्या नान्नज अभयारण्यात कशाला जायचं? अहो, जा की! अभयारण्य 1979 मध्ये माळढोकासाठी झालं हे खरं, पण माळ काय त्याच्या एकट्याचा आहे? काळवीट तर आहेतच, मला मात्र तिथं ओढून नेतो तो धाविक पक्षी. तुरुतुरु पळतो, थबकतो, वाकून काहीतरी टिपतो, की परत पळापळ. थांबला की मातीत असा मिसळतो, की समोर असून सापडत नाही.

दुसऱ्यांचा प्रश्न होता की पक्ष्यांच्या फोटोंना 300 मिमीच्या लेन्सवर भागेल का. भागतं. गाडीतून उतरू नका, इंजिन बंद करा आणि बसून राहा. पक्षी माणसाला बुजतो, गाडीला तेवढा नाही. आपल्या सोलापूरच्या उन्हात नऊनंतर जमिनीवरची हवा थरथरायला लागते, मग लाखाची लेन्स असली तरी फोटो लिबलिबीतच येणार. माझे दोन उन्हाळे फोकसला शिव्या देण्यात गेले, तेव्हा कुठं हे कळलं.

उन्हाळ्यात माळावर पायी मात्र फिरू नका. धाविक, टिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, खड्यांसारखीच दिसतात ती.

आणि पहिल्या पावसानंतर मॅक्रो लेन्स (बारीक जीव जवळून टिपणारी) घेऊन या. लाल मखमली मृगाचे किडे निघतात. पाय मोजा, आठ भरतील. म्हणजे नावाला किडा, नातं कोळ्याशी!