ब्रेकचा आवाज, बाहेरून बसवलेले पार्ट आणि वॉरंटी : अनुभव धागा

सुकाणू

ब्रेक लावला की कर्कश आवाज येतो, सर्व्हिस सेंटरला दाखवलं की "नॉर्मल आहे" म्हणतात, आणि गाडीत बाहेरचं काही बसवलेलं दिसलं की बोलणं ब्रेकवरून वॉरंटीवर जातं. इतक्या जणांकडून हे ऐकलंय की सगळ्यांचे अनुभव एका ठिकाणी यावेत असं वाटलं. लिहिताना आवाज कधी यायचा ते जरूर सांगा : ब्रेक थंड असताना की गरम, हळू वेगात की जोरात, रिव्हर्सला येतो का. शेवटी काय निघालं तेही लिहा. वॉरंटी नाकारली असेल तर तोंडी की लेखी? कंपनीचं, डीलरचं नाव नको. भांडण नकोय, माहिती हवीय.

सुरुवात मी करते. गाडी नवी, ऑटोमॅटिक. थांबायच्या अगदी शेवटच्या काही फुटांत पुढच्या उजव्या चाकातून बारीक, टोकदार आवाज यायचा. सकाळी नाही, गाडी बराच वेळ चालली की सुरू. सर्व्हिसला देताना गाडी थंड असायची, त्यामुळे त्यांच्या टेस्ट ड्राइव्हला काहीच यायचं नाही आणि जॉब कार्डवर "तक्रार आढळली नाही" असा शेरा पडायचा. मग एकदा गाडी चांगली गरम करूनच नेली, टेक्निशियनला शेजारी बसवलं आणि स्वतः चालवली. त्याने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि रॅम्पवरून उतरताना ऐकलं. पुढे कळलं की त्या मॉडेलच्या पॅडबद्दल (ब्रेक लावल्यावर चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला, म्हणजे चकतीला, दाबणारी घर्षणाची पट्टी) कंपनीने डीलरांना आधीच सर्व्हिस बुलेटिन, म्हणजे ठरावीक तक्रार कशी दुरुस्त करायची याची सूचना, पाठवलं होतं. कडा तिरप्या केलेले सुधारित पॅड आणि वेगळी शिम (पॅडमागची आवाज दाबणारी पातळ पट्टी) बसवून मिळाली, वॉरंटीत.

पॅड झिजणारी वस्तू म्हणून वॉरंटीत येत नाहीत, हे बरोबर. पण ते झिजेपुरतं. घडणीतल्या दोषाचा आवाज ही वेगळी बाब आहे, आणि "याबद्दल सर्व्हिस बुलेटिन आहे का" हे तोंडाने विचारावं लागतं. आपणहून कोणी सांगत नाही.

उजवी मार्गिका

माझा अनुभव छोटा आहे. पाऊस पडून गेला किंवा गाडी धुऊन रात्रभर उभी राहिली की पहिल्या चार-पाच ब्रेकला खरखर. डिस्क ओतीव लोखंडाची असते, एका रात्रीत तिच्यावर गंजाचा पातळ थर येतो आणि पॅड तो खरवडून काढतात. नंतर दिवसभर शांत. यासाठी कुठेही जायची गरज पडली नाही.

नटबोल्ट

गॅरेजमध्ये काम करतो, त्यातही ब्रेकचं काम जास्त. थोडं सविस्तर लिहितो, कारण या आवाजावरून लोक उगाच घाबरतात आणि जिथे घाबरायला हवं तिथे निवांत असतात.

किंचाळणारा ब्रेक बहुधा नीट लागत असतो. पॅड डिस्कवर सरकताना अतिशय वेगाने अडकतो-सुटतो, डिस्क आणि कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा भाग) त्या कंपनाला साथ देतात आणि तो कंप कानाला आवाज म्हणून ऐकू येतो. हा आजार ब्रेकइतकाच जुना आहे. फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ साली इंग्लंडमध्ये डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं, तेव्हा तांब्याचं अस्तर डिस्कवर घासून होणारा कर्कश आवाज हीच त्याची मोठी अडचण होती.

घाबरायचं ते घरघर ऐकून. लोखंडावर लोखंड घासल्यासारखा जड आवाज आला, पेडलमध्ये खडबडीतपणा जाणवला, तर पॅडचं अस्तर संपून मागची पट्टी डिस्कला लागली आहे. ती गाडी चालवू नका. तिथपर्यंत पोचू नये म्हणून बऱ्याच पॅडना एक छोटी लोखंडी जीभ दिलेली असते. अस्तर दोन-तीन मिलिमीटरवर आलं की ती डिस्कला टेकते आणि सतत चिरका आवाज करते. हा आवाज अनेकदा ब्रेक न दाबताही येतो आणि दाबल्यावर थांबतो. लोक म्हणतात, "ब्रेक लावला की आवाज जातो, म्हणजे ब्रेक चांगला." उलट आहे.

आता प्रत्यक्ष काय सापडतं ते सांगतो. चाक उतरवलं, कॅलिपर उचलला आणि दोन्ही पॅड शेजारी ठेवले की निम्मं उत्तर समोर असतं. बाहेरचा पॅड जाड आणि आतला पातळ दिसला की मी स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) हाताने ओढून पाहतो. ती बोटाने सहज सरकायला हवी. कितीतरी गाड्यांत ती पक्कड लावून फिरवत काढावी लागते. बाहेर येते तेव्हा ग्रीस तपकिरी, घट्ट झालेलं आणि रबरी बूट फाटलेला असतो. कॅलिपर परत सरकत नाही, आतला पॅड डिस्कला कायम चिकटून राहतो, तापतो आणि ओरडतो. असल्या गाडीत कितीही भारी पॅड टाका, आवाज परत येणार. पिन साफ करून ब्रेकसाठीचंच सिलिकॉन ग्रीस लावायचं. साधं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते. पॅडच्या तोंडावर किंवा डिस्कवर ग्रीसचा थेंबही जाता कामा नये, हे नवशिक्या पोरांना मी रोज सांगतो.

आणखी एक. जोरात ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरलं की सगळे म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा डिस्कची जाडी जागोजागी थोडी कमी-जास्त झालेली असते. मिलिमीटरचे दोन-तीन शतांशही पुरतात. हबच्या (चाक आणि डिस्क ज्यावर बसतात तो भाग) तोंडावरचा गंज न घासता डिस्क बसवली किंवा चाकाचे नट एअर गनने वाटेल तसे आवळले, की त्याची सुरुवात तिथूनच होते. नट टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या क्रमाने आवळायला सांगा.

दुसरा गिअर

स्लॉट (खाचा) असलेल्या डिस्क आणि वेगळ्या कंपाउंडचे (घर्षणद्रव्याच्या मिश्रणाचे) पॅड मी हौसेने बसवले आहेत. ब्रेक लावल्यावर एक घुमणारा आवाज येतो. तो स्लॉटचा आहे, राहणारच, हे बसवणाऱ्याने आधी सांगितलं होतं. ज्यांना शांत गाडी हवी त्यांनी या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सिरॅमिक पॅड तुलनेने शांत आणि काळी भुकटी कमी करणारे; धातूचं प्रमाण जास्त असलेले पॅड उष्णता छान झेलतात पण थंडीत कुरकुरतात.

नवे पॅड घातल्यावर बेडिंग करणं, म्हणजे ते डिस्कवर नीट बसवून घेणं, फार महत्त्वाचं. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून, पूर्ण न थांबता, वेग बराच कमी करायचा. पुन्हा वेग घ्यायचा. असं काही वेळा. मग ब्रेक न वापरता थोडं अंतर चालवून ते गार होऊ द्यायचे. डिस्कवर पॅडच्या द्रव्याचा सारखा थर बसला की आवाज बराच कमी होतो.

वॉरंटीचं म्हणाल तर डीलरला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. मूळ पॅड-डिस्क खोक्यात जपून ठेवल्या आहेत. ब्रेकची तक्रार घेऊन मी त्यांच्याकडे जात नाही, आणि खिडकीच्या मोटरचा क्लेम त्यांनी काही न बोलता मंजूर केला.

काचेपलीकडे

बरीच वर्षं सर्व्हिस ॲडव्हायझर होते, म्हणून काउंटरच्या आतली बाजू मांडते. वॉरंटीतल्या कामाचे पैसे डीलरला कंपनी देते. क्लेमसोबत फोटो जातात, जुना पार्ट मागवला जातो, नंतर ऑडिट होतं. ऑडिटमध्ये क्लेम चुकीचा ठरला तर तेच पैसे डीलरकडून वळते होतात. म्हणून बाहेरचं काही दिसलं की समोरच्या माणसाच्या मनात पहिला विचार असतो, हा क्लेम परत तर येणार नाही ना. त्या भीतीपोटी "तुमची वॉरंटी गेली" असं सरसकट वाक्य बोललं जातं. ते वाक्य बहुतेक वेळा बरोबर नसतं. वॉरंटी पार्टगणिक पाहिली जाते, आणि बाहेरच्या वस्तूमुळे बिघाड झाला का, हा खरा प्रश्न असतो.

इंजिनचा ईसीयू (नियंत्रण करणारा संगणक) रिमॅप केलेला, म्हणजे त्याचं सॉफ्टवेअर बदललेलं असेल तर मात्र इंजिन, टर्बो, गिअरबॉक्स यांबाबत फारशी आशा ठेवू नका. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी अनेक गाड्यांत किती वेळा लिहिलं गेलं त्याची नोंद राहते.

लाल डबी

दोन क्लेम, एकच गाडी. मोठे अलॉय (मिश्रधातूची चाकं) आणि स्पेसर (चाक आणि हबमध्ये बसणारी चकती) लावलेले आहेत. पुढचं व्हील बेअरिंग गुणगुणायला लागलं, क्लेम नाकारला. स्पेसरमुळे चाक बाहेर सरकतं, बेअरिंगवरचा भार बदलतो, ते मला पटलं आणि खर्च मी केला. नंतर एसीचा कॉम्प्रेसर गेला तेव्हाही "अलॉय बाहेरचे आहेत" हेच कारण. मी शांतपणे म्हटलं, नकार लेखी द्या, वॉरंटी पुस्तिकेतलं कोणतं कलम आणि अलॉयचा कॉम्प्रेसरशी संबंध काय, एवढं त्यात लिहा. मॅनेजरने पुस्तिका उघडली, पानं चाळली, आत जाऊन फोन केला. कॉम्प्रेसर वॉरंटीत बदलून मिळाला.

कलमवार

लाल डबी यांनी केलं तेच बहुतेक देशांतल्या कायद्यांच्या दिशेने जाणारं आहे. अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार ठरावीक ब्रँडचाच पार्ट वापरला पाहिजे अशी अट घालून वॉरंटी बांधता येत नाही, अर्थात तो पार्ट फुकट दिला जात असेल किंवा तशी खास सूट मिळाली असेल तर गोष्ट वेगळी. पण बाहेरच्या पार्टनेच नुकसान झालं तर तेवढा क्लेम नाकारता येतो. भारतात स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांविरुद्ध सुट्या भागांच्या प्रकरणात आदेश दिला, त्यातही बाहेर काम केलं म्हणून वॉरंटी रद्द करण्याच्या अटीवर बोट ठेवलं होतं. तरीही आधी आपली पुस्तिका वाचा. त्यात अपवादांचं पान असतं आणि निम्मे वाद त्या एका पानावर मिटतात.

निळी पाटी

इलेक्ट्रिक गाडी आहे. वेग कमी करायचं बरंचसं काम मोटर करते, त्यामुळे खरे ब्रेक फार कमी वापरले जातात आणि डिस्कवरचा गंज घासून निघत नाही. आवाज आला की मी मोकळ्या रस्त्यावर रिजनरेशन (मोटरने वेग कमी करणं) कमी करून काही वेळा पेडलने नीट ब्रेक लावते. मॅन्युअलमध्येच तसं सुचवलंय.

एक विचारायचं होतं. डॅशकॅम कायमस्वरूपी जोडायचा आहे. वॉरंटीला धक्का लागेल का?

नटबोल्ट

@निळी पाटी, कॅमेऱ्याने काही होत नाही, वायर कापल्याने होतं. मूळ हार्नेस (गाडीच्या वायरांचा जुडगा) सोलून तिथे जोड मारला की पुढे त्या लाइनवर काहीही बिघडलं तरी बोट त्या जोडाकडेच जाणार, आणि ओलावा शिरला तर ते खरंही असतं. फ्यूज बॉक्समधून ॲड-अ-फ्यूज (फ्यूजच्या जागी बसून वेगळी लाइन देणारा जोड) वापरून घ्या, योग्य ॲम्पिअरचा वेगळा फ्यूज द्या, आणि एअरबॅग किंवा एबीएसची लाइन अजिबात निवडू नका. वायर खांबाच्या आवरणातून नेताना ती कर्टन एअरबॅगच्या (खिडकीवरून पडद्यासारखी उघडणारी) पुढून जायला नको, मागून न्या. बसवून झाल्यावर फोटो काढा आणि बिलावर कोणत्या फ्यूजवरून जोड घेतला ते लिहून घ्या.

सुकाणू

ही शेवटची सूचना मी माझ्या गाडीच्या फाइलला लावतेय. ड्रम ब्रेक असलेल्या गाड्यांचं अजून कोणीच लिहिलं नाही. मागच्या चाकांतून हँडब्रेक सोडताना "टक्" असा आवाज येणाऱ्यांनी जरूर लिहा, लायनर (ड्रमच्या आतलं अस्तर) चिकटून सुटतानाचा की आणखी कशाचा, ते पाहू.