मदत हवी आहे: इंदूरला कुरडया घालायच्यात, पण अंदाजात कडक ऊन आणि गडगडाट दोन्ही!

राजेंद्रनगरातून लिहितेय. एरवी आमच्या कुरडया एप्रिलातच उरकतात. यंदा घरात दुखणीखुपणी निघाली आणि मे उजाडला. आता अंदाजात पारा रोज चढता, शुक्रवारपर्यंत ४२. आणि त्याच दिवसांपुढे पिवळा रंग: "तुरळक ठिकाणी मेघगर्जना, सोसाट्याचा वारा". ऊन समजू की पाऊस?

खरी गोची गव्हाची आहे. तीन दिवस भिजत ठेवायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी चीक शिजवून सोऱ्या घेऊन गच्चीवर. म्हणजे आज पाच किलो लोकवन भिजवला तर मला ऊन हवंय ते शुक्रवार-शनिवारचं. गहू एकदा आंबला की माघार नाही.

गेल्या वर्षी दुपारी तीनला आभाळ लख्ख होतं. सव्वाचारला पश्चिमेकडून पिवळट धूळ उठली. मी जिना चढेपर्यंत प्लास्टिकचा कागद कुरडयांसकट कठड्याला जाऊन चिकटलेला, वर टपोरे थेंब. पाऊस पाच मिनिटांत गेला, पण त्या कुरडया तळल्या की दाताखाली कचकच. सासूबाई अजून आल्यागेल्याला सांगतात.

सासूबाई ७८ वर्षांच्या. कावळे हाकायला छत्री घेऊन भर उन्हात गच्चीवर बसतात, कुणाचं ऐकत नाहीत. त्याचीही काळजी आहे. भिजवू का गहू?

पोहेजिलबी:
ताई, "तुरळक" म्हणजे रिमझिम नव्हे. हवामान खात्याच्या भाषेत त्या भागातल्या फार तर २५ टक्के केंद्रांवर पाऊस. "काही ठिकाणी" म्हणजे २६ ते ५०, "अनेक ठिकाणी" ५१ ते ७५. तुमच्या गच्चीवर पडेल की देवासला, हे चार दिवस आधी कुणीच सांगू शकत नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी दिसला तर मात्र घाट घालू नका.

ऊन आणि गडगडाट यांचं वैर नाही, उलट साटंलोटं आहे. जमीन तापली की हवा वर चढते. तिला अरबी समुद्राकडची दमट हवा मिळाली आणि वर पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या कमी दाबाच्या पट्ट्यामुळे, गारवा असला की दुपारनंतर ढग उभे राहतात. पाऊस पडताना गार झालेली जड हवा खाली आदळून चौफेर पसरते, तीच तुमची पिवळी धूळ. ती पावसाच्या आधी पोचते, म्हणून आवरायला मिनिटंच मिळतात.

आणि ४२ झाले म्हणजे लगेच खात्याची उष्णतेची लाट होत नाही. मैदानी भागात किमान ४० आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंश जास्त लागतं, किंवा मग सरळ ४५.

गच्चीवरची_मावशी:
अगं, पाच किलो कशाला एकदम? दोन कर. पहाटे चीक शिजव, सहाला घालायला बस, साडेआठला मोकळी. प्लास्टिक नको, जुनं धोतर घे, चार कोपऱ्यांना विटा. आमच्या रामबागेत सगळ्या धोतरच घालायच्या. तीन वाजले की ऊन असो नसो, चारी कोपरे धरून खाली आणायचं आणि खोलीत पंख्याखाली पसरायचं. माळव्यातलं ऊन असं आहे की आठ तासांत कुरडई उचलण्याजोगी होते, उरलेलं दुसऱ्या दिवशी.

सासूबाईंना दहानंतर खाली आण. कावळ्यांसाठी वर जुनी मच्छरदाणी ताण.

पोहेजिलबी:
वीज चमकताना धोतर आवरायला मात्र वर जाऊ नका. चमक आणि गडगडाटात ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर घरातच राहा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास. कुरडया गेल्या तर गेल्या. दामिनी अ‍ॅप टाकून घ्या, पुण्याच्या हवामान संस्थेचं आहे, २० आणि ४० किलोमीटरच्या वर्तुळात वीज कुठे पडतेय ते दिसतं. त्या दिवशी दुपारी खात्याचा तीन तासांचा तातडीचा अंदाजही बघा.

मूळ धागाकर्ती:
दोन किलो भिजवला. सासूबाईंना दहा वाजताची अट सांगितली. "साडेदहा," म्हणाल्या, "आणि मच्छरदाणी मी सांगेन तशी बांधायची."