मदत हवी: नववी-दहावीच्या मुलांना कामधंद्यांची खरी माहिती कशी द्यावी? (वणी परिसर)

नमस्कार मंडळी,

मी यवतमाळ जिल्ह्यात, वणी तालुक्यातल्या एका खेड्यात, अनुदानित हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवतो. नववी-दहावी मिळून ८३ मुलं. दोन वर्षांपूर्वी मुख्याध्यापकांनी व्यवसाय मार्गदर्शनाचं काम माझ्याकडे दिलं. त्याआधी हे काम म्हणजे जानेवारीत एक पाहुणे बोलवायचे, शाल-श्रीफळ, तासभर भाषण, फोटो. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. पाहुणे मनापासून बोलले. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, काल काय समजलं रे? एक पोरगा उभा राहिला. "सर, मेहनत कराले पाहिजे." म्हटलं, कशाची? तो गप्प झाला. त्याच्यापाशी उत्तर नव्हतं, कारण आम्ही ते कधी दिलंच नव्हतं.

मग मी सगळ्यांना कोरा कागद दिला आणि माहीत असलेली सगळी कामं लिहायला लावली. ८३ कागदांवर मिळून जेमतेम वीसेक नावं आली. पोलीस, मिलिट्री, मास्तर, नर्स, डॉक्टर, तलाठी, ड्रायव्हर, शेती, किराणा, मोबाईल दुकान अशी. आमच्या रस्त्याने रात्रंदिवस कोळशाचे ट्रक जातात, ब्लास्टिंगचा हादरा वर्गाच्या खिडक्यांना बसतो, पण मायनिंग सिरदार, ओव्हरमन (दोघेही खाणीतल्या पाळीवर देखरेख करणारे), सर्व्हेअर हे शब्द एकाही कागदावर नव्हते. दिवाळीनंतर जिनिंगसमोर, म्हणजे सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या कारखान्यासमोर, कापसाच्या गाड्यांची रांग लागते. तिथली यंत्रं सांभाळणारा जिन फिटर कोणीच लिहिला नाही, ज्याचा बाप त्याच जिनिंगमध्ये हमाली करतो त्यानेही नाही.

दोन गोष्टी मला झोपू देत नाहीत. एक, आमची एक मुलगी, दहावीला ७६ टक्के. सगळ्यांनी म्हटलं म्हणून अकरावी सायन्स घेतलं. कॉलेज २२ किलोमीटर, प्रॅक्टिकल संपेपर्यंत परतीची बस निघून जायची. दिवाळीनंतर तिने जाणं सोडलं. तिच्या आईने मला बाजारात गाठून विचारलं, "सर, तुमाले पहिलेच माईत नोतं का जी?" दुसरी गोष्ट एका मुलाची. नर्सिंगचा कोर्स म्हणून त्याच्या घरच्यांनी तालुक्याच्या ठिकाणी एका खाजगी संस्थेत चाळीस हजार भरले, त्यासाठी एक गोऱ्हा विकला. वर्षभराने कळलं की त्या सर्टिफिकेटवर नर्स म्हणून नोंदणीच होत नाही. दोघांनाही मी शिकवलं होतं. चार ओळींची खरी माहिती वेळेवर मिळाली असती तर दोन्ही टळलं असतं.

माहिती कुठेच नाही असं नाही. बोर्डाची कलचाचणी २०१६ मध्ये सुरू झाली, तेव्हा सात क्षेत्रांपैकी मुलाचा कल कुठे आहे ते कागदावर यायचं. पण कल 'तांत्रिक' आला म्हणजे उद्या सकाळी कुठे जायचं, हे त्या कागदावरून घरच्यांना समजत नसे. २०२० मध्ये राज्य सरकारने युनिसेफच्या मदतीने महाकरिअर पोर्टल काढलं. त्यात शेकडो करिअर, कॉलेजं, शिष्यवृत्त्या. पण घरात मोबाईल एक, तो बापासोबत वावरात. शिवाय तिथे प्रवेशाचं कळतं. त्या माणसाचा दिवस कसा जातो, उन्हात उभं राहावं लागतं का, रात्रपाळी असते का, पहिल्या महिन्यात हातात काय उरतं, हे आमच्या मुलाला कुठून कळणार?

म्हणून यंदा एकेका कामाचं एकेक पान मराठीत लिहून भिंतीवर लावायचं ठरवलं आहे. त्या पानावर काय-काय हवं? त्यातली माहिती खरी आणि ताजी आहे हे कोणाकडून तपासून घ्यावं? आणि मुलींच्या बाबतीत आईवडिलांशी कसं बोलावं? तिथे मी दरवेळी अडतो. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

प्रतिसाद: शिल्पनिदेशक, चंद्रपूर जिल्हा

सर, आधी एक विनंती. तुमची मुलं आमच्या आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये आणा, सुट्टीच्या दिवशी नको, कामाच्या दिवशी. वेल्डिंगचा वास आणि लेथचा आवाज पानावर येत नाही. आमच्याकडे दरवर्षी अशी मुलं येतात ज्यांना इलेक्ट्रिशियन आणि वायरमन यातला फरकच माहीत नसतो. मित्राने जो ट्रेड (आयटीआयचा अभ्यासक्रम) भरला तोच भरतात.

पानावर हे नक्की टाका: इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. काही ट्रेड दहावी नापास मुलालाही मिळतात, हे गावात कोणाला ठाऊक नसतं आणि नापास झालेला पोरगा थेट मजुरीला लागतो. दोन वर्षांच्या आयटीआयनंतर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. म्हणजे आयटीआय केलं की शिक्षण संपलं असं नाही. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली कारखान्यात अप्रेंटिसशिप करता येते, दरमहा विद्यावेतन मिळतं.

तपासणीचं म्हणाल तर मुलांना एकच प्रश्न पाठ करून घ्या: "मान्यता कोणाची?" आयटीआय असेल तर व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या प्रवेश यादीत संस्था दिसली पाहिजे. डिप्लोमा असेल तर राज्य तंत्रशिक्षण मंडळ, नर्सिंगला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिल, फार्मसीला फार्मसी कौन्सिल. माहितीपत्रकावर मान्यतेचा पत्ता सापडत नसेल तर पैसे भरायचे नाहीत. आणि प्रत्येक पानावर खाली तारीख टाका. फी, वयोमर्यादा, अर्जाचे दिवस बदलतात. जुनं पान भिंतीवर राहिलं तर त्याने नुकसानच होईल.

जिनिंगचं काढलंत म्हणून सांगतो, नागपूरला सिरकॉटचं (केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं) जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. जिन फिटरचं पान लिहाल तेव्हा त्यांना पत्र टाका.

प्रतिसाद: बुटीबोरीतला इलेक्ट्रिशियन

सर, मी मारेगाव तालुक्यातला, आयटीआय करून इकडे सात वर्षं झाली. मले कोणी सांगितलं नव्हतं ते लिहितो. पगार सांगता तेव्हा खोलीभाडं आणि मेसचे पैसे वजा करून सांगा. पहिल्या महिन्यात हातातले पैसे पाहून मी गावी परतायच्या बेतात होतो, कारण घरी मी पूर्ण आकडा सांगून बसलो होतो. कंपनीच्या रोलवर आणि ठेकेदाराकडे, या दोन्हींत काय फरक ते सांगा. पीएफ कापतात म्हणजे पैसे बुडाले असं मला वाटायचं.

भरतीवाल्या पोरांसाठीही एक पान करा जी. पहाटे रस्त्यावर पळणारे कितीतरी पोट्टे उंची मोजल्याशिवाय तीन-तीन वर्षं घालवतात. पोलीस शिपायाला मुलांना १६५, मुलींना १५५ सेंटिमीटर लागते आणि बारावी पास. शाळेच्या भिंतीवर खूण केली तर नववीतच कळते. मेहनत करणाऱ्याचा वेळ वाया गेला की फार वाईट वाटते.

प्रतिसाद: एक शिक्षिका, पुसदकडची

मुलींबद्दल लिहिते. बापाला शाळेत बोलावून समजावणं माझ्याकडे कधीच यशस्वी झालं नाही. आयांना बोलावलं, तेही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला, आणि उपकेंद्रातल्या नर्सताईंना त्यांच्यात बसवलं. भाषण नाही. बायांनीच विचारलं, होस्टेलवर कोण असतं, रात्रीची ड्यूटी कशी, लग्नानंतर बदली मिळते का. ताईंनी जे खरं ते सांगितलं, त्रासाचंही सांगितलं. त्या वर्षी बारावीनंतर दोघी जीएनएम या नर्सिंगच्या कोर्सला गेल्या. नर्सिंगचाच एएनएम कोर्स दोन वर्षांचा आणि जीएनएम तीन वर्षांचा, एवढा साधा फरक त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्यांना कळला.

पानावर अंतर आणि बसची वेळ लिहाच. तुमच्या त्या मुलीचं वाचून हेच मनात आलं. आगारात जाऊन वेळापत्रक आणा. मानव विकासच्या, शिकणाऱ्या मुलींसाठीच्या निळ्या बसेस तुमच्याकडे असतील तर त्या कुठल्या कॉलेजपर्यंत जातात ते विचारा. कॉलेज निवडण्याआधी परतीची बस पाहायची, हा आमच्या शाळेत आता नियमच आहे.

आणि दहावीपर्यंत थांबू नका. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना ठेवून सुतार, माळी, कुंभार अशा गावातल्या कारागिरांकडे पाठवायचं म्हटलं आहे. मुख्याध्यापकांपुढे तेच ठेवा, वेळ मिळेल.

धागाकर्ता:

तिघांचेही मनापासून आभार. ताई, परतीची बस हे वाचून बराच वेळ तसाच बसलो होतो. उद्याच आगारात जातो.

उंचीची खूण आज व्हरांड्यातल्या खांबावर केली. मधल्या सुट्टीत रांग लागली होती. शेजारच्या गावातले एक निवृत्त मायनिंग सिरदार शनिवारी शाळेत यायला तयार झालेत. खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र, गॅस टेस्टिंग, प्रथमोपचार, हे सगळं कसं पास केलं ते सांगतो म्हणाले. मी त्यांना भाषणाऐवजी त्यांच्या एका पाळीची गोष्ट सांगा म्हटलं आहे, घरून निघाल्यापासून परत येईपर्यंत. दोन मुली ती लिहून घेणार, तेच आमचं पहिलं पान.

निदेशक साहेब, सप्टेंबरमध्ये कोणत्याही कामाच्या दिवशी तीस मुलं आणली तर चालेल का? त्यात दहा-बारा मुली असतील. तुमच्याकडे एखादी मुलगी फिटर किंवा वेल्डर ट्रेडला शिकत असेल, तर तिच्याशी आमच्या मुलींना अर्धा तास बोलायला मिळेल का?