प्रशासक खात्याचा पासवर्ड कोणी बदलला, हे ऑडिट लॉगवरून कसे ठरवावे?

प्रश्न

नमस्कार. मी मुंबईतील एका सहकारी पतसंस्थेच्या संगणक विभागात काम करतो. आमचा मुख्य डोमेन कंट्रोलर (विंडोज नेटवर्कमधील खाती आणि पासवर्ड सांभाळणारा सर्व्हर) दादरच्या कार्यालयात असून दुसरा ठाणे शाखेत आहे. गेल्या गुरुवारी सकाळी डोमेनच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याचा पासवर्ड चालेना. दादरच्या सिक्युरिटी लॉगमध्ये (सुरक्षेशी संबंधित घटनांच्या नोंदवहीत) ४७२३ क्रमांकाची, म्हणजे पासवर्ड बदलाची नोंद शोधली, पण काहीच सापडले नाही. ठाण्याहून एक्सएमएल स्वरूपात मागवलेल्या लॉगमध्ये मात्र ४७२४ ची एक नोंद मिळाली. तिच्यात बुधवारची १४:३५ ही वेळ आहे आणि आमच्या एका कनिष्ठ सहकाऱ्याच्या खात्याचे नाव आहे. त्या दिवशी दुपारी दोन ते तीन या वेळेत तो दादरच्या सर्व्हर रूममध्ये एकटाच होता, त्यामुळे व्यवस्थापनाने त्याच्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. आपण पासवर्डला हातही लावला नाही, असे तो सांगतो आणि माझा त्याच्यावर विश्वास आहे. या नोंदीतून नेमके काय सिद्ध होते?

उत्तर १

सर्वप्रथम वेळ तपासा. इव्हेंट व्ह्यूअर हे लॉग पाहण्याचे विंडोजचे साधन स्थानिक वेळ दाखवते, परंतु एक्सएमएलमध्ये वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असते आणि तिच्या शेवटी झेड हे अक्षर असते. तसे असेल तर भारतीय वेळेसाठी साडेपाच तास मिळवावे लागतील, म्हणजे हा बदल दुपारी २:३५ ला नव्हे, तर रात्री ८:०५ ला झाला. ज्या तासाच्या आधारे खुलासा मागवला गेला, तो तासच मग चुकीचा ठरतो.

आता क्रमांकांविषयी. वापरकर्ता जुना पासवर्ड देऊन स्वतःचा पासवर्ड बदलतो तेव्हा ४७२३ ची नोंद होते. जुना पासवर्ड न देता एखाद्या खात्याचा पासवर्ड नव्याने ठरवला जातो, म्हणजे रीसेट होतो, तेव्हा ४७२४ ची. ४७२४ मध्ये सब्जेक्ट या भागात बदल करणारे खाते असते आणि टार्गेट अकाउंट या भागात ज्याचा पासवर्ड बदलला ते खाते. टार्गेटचा सुरक्षा ओळखक्रमांक ५०० ने संपतो का, तेही पाहा, कारण नाव बदलले तरी अंगभूत अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्याच्या शेवटचे ५०० बदलत नाहीत.

दादरला नोंद न मिळणे स्वाभाविक आहे. बदललेला पासवर्ड सर्व डोमेन कंट्रोलरपर्यंत पोहोचतो, परंतु सिक्युरिटी लॉग प्रत्येकाचा स्वतंत्र असतो आणि नोंद जिथे बदल स्वीकारला गेला तिथेच राहते. साइट्स, म्हणजे ठिकाणांनुसार केलेले नेटवर्कचे भाग, नीट आखलेल्या असतील तर संगणक सहसा आपल्याच साइटवरील कंट्रोलरशी बोलतात, म्हणून हा बदल ठाण्यातील एखाद्या संगणकावरून झाला असण्याची शक्यता अधिक आहे. ४७२४ मधील सब्जेक्टचा लॉगऑन आयडी (त्या लॉगऑनला मिळालेला क्रमांक) घ्या आणि त्याच ठाण्याच्या सर्व्हरवर तोच आयडी असलेली ४६२४ ची, म्हणजे यशस्वी लॉगऑनची नोंद शोधा. तिथे मूळ संगणकाचा आयपी पत्ता मिळेल. हा आयडी सर्व्हर पुन्हा सुरू होईपर्यंतच एकमेव असतो, त्यामुळे शोध त्याच कालावधीपुरता ठेवा.

उत्तर २

वरील उत्तराशी मी सहमत आहे, मात्र हे सर्व करण्याआधी दोन्ही सर्व्हरच्या लॉगची प्रत आजच वेगळ्या ठिकाणी ठेवा. डोमेन कंट्रोलरवर सिक्युरिटी लॉगची मूळ मर्यादा साधारणपणे १२८ एमबी असते. ती भरली की जुन्या नोंदींवर नव्या नोंदी लिहिल्या जातात आणि वर्दळीच्या सर्व्हरवर हे फार लवकर घडू शकते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार मागील १८० दिवसांचे लॉग जपणे अपेक्षित आहे, तेव्हा ते नियमितपणे दुसऱ्या यंत्रावर पाठवण्याची सोय करून घ्या. ११०२ ची नोंद आहे का, तेही पाहा. ती असेल तर कोणीतरी लॉग पुसला आहे.

प्रश्नकर्ता

आपणा दोघांचे मनापासून आभार. वेळेच्या शेवटी झेड आहे, टार्गेटच्या शेवटी ५०० आहे आणि ११०२ कुठेही नाही. ४६२४ ची नोंद रात्री ८:०३ ची असून तिचा लॉगऑन प्रकार ३ आहे. आयपी पत्ता ठाणे शाखेतील काउंटरच्या संगणकाचा आहे. सहकारी त्या दिवशी सकाळी ठाण्यात होता, पण दुपारी बारापासून दादरलाच होता आणि संध्याकाळी साडेसहाला घरी गेला, असे हजेरीवरून दिसते. मग त्याचे खाते तिथे कसे वापरले गेले?

उत्तर १

प्रकार ३ म्हणजे नेटवर्कवरून झालेले लॉगऑन. काउंटरच्या संगणकावरून व्यवस्थापनाचे साधन उघडले असेल तर असेच दिसेल. आता त्या संगणकाचाच सिक्युरिटी लॉग पाहा. सहकाऱ्याच्या सकाळच्या प्रकार २ च्या, म्हणजे त्या संगणकासमोर बसून केलेल्या लॉगऑननंतर लॉगऑफची ४६४७ ही नोंद आहे का? स्क्रीन लॉक करून पुन्हा उघडली असेल तर ४६२४ मध्ये प्रकार ७ दिसतो. तो दिसतो का? लॉग खात्याचे नाव सांगतो, की-बोर्डवरचा हात कोणाचा होता हे सांगत नाही, आणि ही गोष्ट व्यवस्थापनासमोर स्पष्ट शब्दांत मांडायला हवी. शिवाय अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड रीसेट करण्याचा अधिकार असलेले खाते रोजच्या कामासाठी काउंटरवर वापरले जात होते, हे मला अधिक गंभीर वाटते.

प्रश्नकर्ता

सकाळी ११:०५ ला प्रकार २ चे लॉगऑन आहे. त्यानंतर त्या दिवशी ना ४६४७ ची नोंद आहे ना प्रकार ७ ची. म्हणजे सत्र दिवसभर उघडेच राहिले होते. हा तपशील दाखवल्यावर खुलाशाचे पत्र काल मागे घेण्यात आले. ठाण्यात रात्री आठ वाजता कोण थांबले होते, याची चौकशी आता शाखेच्या पातळीवर सुरू आहे आणि प्रशासकीय कामासाठी आम्हा तिघांना स्वतंत्र खाती देण्याचे काम सोमवारपासून हाती घेत आहोत.