मेलेल्या एचपी-२५ मध्ये नवा बोर्ड घातला, तर तो एचपी-२५ उरतो का?

स्टॅकवाला

जुने प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर जमवणं आणि ते चालू करणं हा माझा बारा वर्षांचा नाद. सध्या एका प्रश्नावर अडलोय. माझं मत बऱ्याच जणांना पटणार नाही, तरी मांडतो.

गेल्या महिन्यात पुण्याच्या जुन्या बाजारात एक एचपी-२५ मिळाला, मोबाइलच्या चार्जरांच्या गुंत्यात पडलेला. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो: ह्यूलेट-पॅकार्डने १९७५ साली १९५ डॉलरला काढलेलं हे यंत्र. खिशात मावतं, आकडे लाल एलईडीचे, प्रोग्रॅम ४९ पायऱ्यांचा. बरोबरचं बटण नाही. आधी दोन्ही आकडे द्यायचे, मग क्रिया. स्विच बंद केला की प्रोग्रॅम गेला, उद्या पुन्हा पहिल्या पायरीपासून. आणि बटणं! वरून छापलेला आकडा नाही, दोन रंगांचं प्लास्टिक एकात एक ओतून घडवलेलं बटण. पन्नास वर्षं बोटं घासली तरी ७ चा ७ च राहतो.

घरी येऊन बॅटरीचा कप्पा उघडला तर निकेल-कॅडमियम सेलमधून झिरपलेला हिरवट-पांढरा थर. हा थर अल्कलीचा असतो, म्हणून आधी व्हिनेगरचा बोळा, मग डिस्टिल्ड पाणी, शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोल. पट्ट्या स्वच्छ झाल्या. नवे सेल घातले, स्विच सरकवला. काहीच नाही. दोन संध्याकाळी मीटर घेऊन बसलो. व्होल्टेज नीट पोचतंय, चिप गप्प.

या मालिकेचं हे नेहमीचं मरण. चार्जरच्या व्होल्टेजला बॅटरीच आवर घालते. बॅटरी काढलेली किंवा संपलेली असताना चार्जर खोचला की वाढीव व्होल्टेज थेट आत जातं. कुणीतरी "चालतोय का बघू" म्हणून लावून पाहिला असणार.

यावर इलाज आहे. आजचा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपमधला छोटा संगणक) बसवलेले छोटे बोर्ड मिळतात. जुनी चिप काढा, हा बोर्ड लावा, आकडे उजळतात. मला जो सुचवला त्यात स्विच बंद केल्यावरही प्रोग्रॅम टिकतो.

माझं मत स्पष्ट आहे: हे करू नये. रबर, सेल, गंजलेली पट्टी, तुटलेली तार बेलाशक बदला, ती झिजणारच होती. पण ज्या सिलिकॉनने गणितं केली तेच काढलं तर हातात फक्त कवच उरतं. त्यापेक्षा तो बंद अवस्थेत जपावा, आणि दुसऱ्या एखाद्या मोडक्या एचपी-२५ मधली चांगली चिप मिळेपर्यंत थांबावं. मी थांबायचं ठरवलंय. तुम्ही काय केलं असतं?

कथील_आणि_तार

मी त्याच दिवशी नवा बोर्ड लावला असता.

तुम्ही ज्याला थांबणं म्हणताय त्याचा अर्थ नीट बघा. दुसरा एचपी-२५ फोडून त्याची चिप काढायची. म्हणजे दोनातून एक. ती चिप पन्नास वर्षांची, उद्या तीही जाणार, मग तिसरा फोडायचा. जगात नवे एचपी-२५ तयार होत नाहीत. या वाटेने गेलं तर आपणच ते संपवू.

दुसरं, नवा बोर्ड नव्या बुद्धीने गणित करतो हा गैरसमज आहे. चांगले बोर्ड मूळचा मायक्रोकोडच, म्हणजे जुन्या चिपमध्ये कोरलेला आतला प्रोग्रॅमच, चालवतात. तो जुन्या चिपांमधून वाचून काढलेला आहे, आणि त्या काळच्या एचपीच्या काही पेटंटांत तर त्याची अख्खी यादीच छापलेली आहे.

घरी करून बघण्यासारखी चाचणी सांगतो. एचपी-४१सी घ्या, अंश मोडमध्ये ९ चा साइन काढा, आलेल्या उत्तराचा कोसाइन, त्याचा टॅन. मग उलट्या वाटेने आर्कटॅन, आर्ककोसाइन, आर्कसाइन. यायला हवेत ९. येतात ९.०००४१७४०३. ही शेपटी म्हणजे दहा अंकी गणिताची खूण, हाताच्या ठशासारखी. एका स्विस कंपनीचा डीएम४१एक्स आजचा प्रोसेसर वापरतो पण कोड मूळचा चालवतो, म्हणून त्यावरही हीच शेपटी येते. फ्री४२ हा प्रोग्रॅम नव्याने लिहिलेला आणि कितीतरी जास्त अंक धरणारा, तिथे ही शेपटी दिसतच नाही. यंत्राचा स्वभाव त्या कोडमध्ये आहे. वाळूचा कण बदलला म्हणून स्वभाव बदलत नाही.

निळा_एलईडी

दोघांनाही विचारतो, फोनवर एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम, फुकट मिळत असताना हा खटाटोप कशाला? कोडच सगळं असेल तर कवचही नको. माझ्या फोनमध्ये एचपी-४१ आहे आणि तो कधी गंजणार नाही.

कथील_आणि_तार

कारण काचेवर बोट टेकवणं आणि बटण दाबणं यांत फरक आहे. एचपीचं बटण एका ठरावीक बिंदूला टक् करून बसतं, न बघता कळतं की आकडा गेला. शेतात उभं राहून, एका हातात वही धरून हे करणाऱ्यांना विचारा. कोड हा स्वभाव आहे असं म्हणालो, शरीर नको असं म्हटलेलं नाही.

भूमापक

विचारलंत म्हणून लिहितो. मी निवृत्त सर्वेक्षक, वय ७१. मी एचपी नाही, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-५९ वापरला. १९७७ चं यंत्र. चुंबकी पट्टीचं कार्ड खाचेत घातलं की आतली मोटर ते ओढून घ्यायची आणि प्रोग्रॅम आत. ९६० पायऱ्यांपर्यंत प्रोग्रॅम मावायचा. मागे बोटाच्या पेराएवढं मॉड्यूल बसायचं, त्यात तयार प्रोग्रॅम.

तो हातात येण्याआधी ट्रॅव्हर्स (बिंदूमागून बिंदू मोजत नेलेली रेषांची साखळी) जुळवायला लॉगची पुस्तकं घेऊन आम्ही दोघे बसायचो. एकाने वाचायचं, एकाने लिहायचं. पन्नास-साठ बिंदूंचा ट्रॅव्हर्स असला की रात्र जायची, आणि शेवटी चूक सापडली तर दुसरी रात्र. कार्ड आल्यावर तंबूतच तासाभरात कळायला लागलं की क्लोजिंग एरर (शेवटच्या बिंदूशी पडणारा फरक) मर्यादेत बसतोय की उद्या परत त्या टेकडीवर चढायचंय. टेकडी चढणाऱ्यालाच या यंत्राची किंमत कळते.

माझं मत कथील यांच्या बाजूने. आम्ही कधी चिप पाहिली नाही. आमच्यासाठी यंत्र म्हणजे बटणं, आकडे आणि भरवसा. कुऱ्हाडीचा दांडा बदलला म्हणून कुणी कुऱ्हाड टाकत नाही.

स्टॅकवाला

काका, दांडा बदलायला माझी ना नाही. माझा आक्षेप पातं बदलण्याला आहे.

कथील, शेपटीचा मुद्दा मान्य. तो मी पुरेसा गंभीरपणे घेतला नव्हता. पण मग तुमच्याच कसोटीवर चला. एचपी-२५ चा स्वभाव विसरण्याचा आहे. तो विसरतो म्हणूनच लोक प्रोग्रॅम कागदावर लिहून ठेवायचे, रोज पुन्हा भरायचे, आणि ४९ पायऱ्यांत बसवण्यासाठी एकेक पायरी वाचवायचे. ही अडचण कंपनीलाही कळली होती, म्हणून १९७६ मध्ये प्रोग्रॅम टिकवणारा एचपी-२५सी वेगळा काढला. आता मी २५ च्या कवचात न विसरणारा बोर्ड घातला आणि वीस वर्षांनी तो कुणाच्या हाती गेला, तर तो १९७५ बद्दल चुकीचं शिकेल. वस्तूने खोटी साक्ष देऊ नये एवढंच म्हणणं आहे.

कथील_आणि_तार

हे बरोबर आहे आणि याला माझा पाठिंबा. ती सोय बंद ठेवायची, आणि आत एक चिठ्ठी चिकटवायची: काय बदललं, कधी, जुनी चिप कुठे. जुनी चिप फेकायची नाही, यंत्राबरोबरच छोट्या पिशवीत ठेवायची. मी दुरुस्त केलेल्या प्रत्येकात अशी चिठ्ठी आहे. काम असं करावं की उद्या कुणालाही ते उलट फिरवता यावं.

मृण्मयी_७२

मी संग्राहक नाही, पण धागा वाचून राहवलं नाही. माझे बाबा कालव्यांच्या कामावर अभियंता होते. १९७८ मध्ये मामाने अमेरिकेतून त्यांना एचपी-६७ आणला होता. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. कपाटात तो मिळालाय, बरोबर अकरा कार्डं. कार्डांवर बाबांच्या बारीक अक्षरात शाईने लिहिलंय. एका कार्डावर ओळीने क्यू, बी, एन, एस, वाय ही इंग्रजी अक्षरं. एका दुरुस्ती करणाऱ्याने सांगितलं की आतलं सगळं काढून नवं बसवतो, कार्डाची मोटर मात्र चालणार नाही. मला तर ती कार्डंच वाचून हवी आहेत. आज रात्री एक कार्ड घालून बघू का?

स्टॅकवाला

ताई, थांबा. कार्ड अजिबात घालू नका.

एचपी-६७ मध्ये कार्ड ओढणारा रबरी रोलर असतो. इतक्या वर्षांत त्याचं रबर विरघळून काकवीसारखं होतं. कार्ड घातलंत तर ते चिकट रबर चुंबकी थरावर बसेल आणि बाबांचा प्रोग्रॅम कायमचा जाईल. चार्जरही लावू नका. अमेरिकेतून आलेला ११० व्होल्टचा असू शकतो.

कथील_आणि_तार

इथे स्टॅकवाला आणि मी शब्दशः एक आहोत. मागच्या लेबलाखाली स्क्रू आहेत, लेबल हळू सोलावं लागतं. कार्ड वाचणारा रीडर बाहेर काढून जुनं रबर आयसोप्रोपिल आणि कापसाच्या काडीने पूर्ण पुसायचं, रोलरच्या आसावर योग्य जाडीची सिलिकॉनची नळी किंवा ओ-रिंग चढवायची, वाचणारं हेड साफ करायचं. बॅटरीच्या पॅकमध्ये तीन नवे सेल. मग आधी कोरं किंवा टाकाऊ कार्ड, ते चार-पाच वेळा सरळ गेलं तरच बाबांचं. तुम्ही पुण्यात असाल तर माझ्याकडे आणा. तुमच्यासमोरच उघडू.

भूमापक

मृण्मयी, त्या कार्डावर काय आहे ते मी न बघता सांगतो. क्यू म्हणजे विसर्ग, बी तळाची रुंदी, एन मॅनिंगचा खडबडीतपणाचा गुणांक, एस तळाचा उतार आणि वाय पाण्याची खोली. चौघांवरून खोली थेट सूत्राने निघत नाही, अंदाज धरून परत परत करावं लागतं. ते काम बाबांनी यंत्राला दिलं होतं. कार्ड वाचून झालं की ते ए ते ई या पाच बटणांच्या वरच्या खाचेत सरकवतात, म्हणजे प्रत्येक अक्षर आपापल्या बटणाच्या डोक्यावर येतं.

मृण्मयी_७२

तीन आठवड्यांनी लिहिते आहे. कथीलदादांकडे दोन रविवार बसलो. रोलरचं रबर खरंच बोटाला चिकटत होतं, काळं, तार येणारं. नवी नळी बसली. पहिली टाकाऊ कार्डं सरळ गेली.

मग बाबांचं कालव्याचं कार्ड. मोटर कुरकुरली, कार्ड पलीकडे आलं आणि पडद्यावर सीआरडी अशी तीन अक्षरं उमटली. म्हणजे दुसरी बाजू मागतोय. एका बाजूवर ११२ पायऱ्या, दोन्ही मिळून २२४. दुसरी बाजूही वाचली. भूमापक काकांनी फोनवर आकडे दिले: विसर्ग ३.४५, रुंदी ३, एन ०.०२२५ (मातीचा कालवा), उतार ०.०००२५. मग ई दाबलं. लाल दिवे थोडा वेळ लुकलुकले आणि १.२० वर थांबले. काकांनी हाताने करून ठेवलेलं उत्तरही १.२० मीटर. कालव्याच्या बाजूंचा उतार कुठेच विचारला नाही, म्हणून आम्ही प्रोग्रॅम उघडून पायरी पायरीने वाचला. पहिलीच पायरी ००१, पुढे ३१ २५ ११. तिसऱ्या ओळीचं पहिलं बटण, दुसऱ्या ओळीचं पाचवं, पहिल्या ओळीचं पहिलं, असा तो संकेत. पुढे एका पायरीवर १, त्यापुढे टिंब, त्यापुढे ५. बाबांनी दीडास एक हा उतार आतच लिहून ठेवला होता.

स्टॅकवाला

हे वाचून फार बरं वाटलं, ताई. मूळ चिप जिवंत होती म्हणून मोटर, हेड, कार्ड सगळं एकमेकांशी बोललं. आतलं काढून टाकलं असतं तर हे घडलं नसतं. माझ्या एचपी-२५ बद्दल अजून थांबतोय. पण कथील यांची चिठ्ठीची आणि पिशवीची पद्धत आजपासून माझ्या सगळ्या यंत्रांना.

मृण्मयी_७२

दादा, तुमचा मुद्दा समजला, तरी माझं मत वेगळं आहे. उद्या यातली चिप गेली आणि कार्ड वाचणारा एखादा नवा बोर्ड मिळाला, तर मी तो लावेन. मला ई दाबल्यावर १.२० दिसायला हवं.

अकरापैकी नऊ कार्डं वाचली गेली. ट्रॅव्हर्सच्या कार्डाची दुसरी बाजू मात्र दर वेळी एरर देते. बाबांच्या वहीत त्याची यादी मिळाली आहे, पेन्सिलने, दोन ठिकाणी खोडून. ती बघून पायऱ्या एकेक करून भरते आहे. १५५ व्या पायरीवर आहे. काका, १५६ वरचं अक्षर लागत नाहीये, उद्या फोटो पाठवते.